सोवळ्यातला हात

मंगळाच्या ध्रुवावर एखादे यान उतरले, तर त्याला तेथे काय सापडेल? हा प्रश्न वास्तविक माझा नव्हे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, खेड्यातल्या शाळेत मुलांना पाढे आणि कविता शिकवणारा मास्तर. सवडीने चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतही माणसे आहेत, विहिरी आहेत, भावाभावांचे बांधाचे तंटे आहेत. आकाश असले तर पाऊस पडण्यापुरतेच. शास्त्राशी माझा संबंध वर्तमानपत्राच्या आतल्या पानापुरता. तरीही गेली कित्येक वर्षे हा प्रश्न माझी पाठ सोडीत नाही, आणि त्याचे कारण आकाशात नसून माझ्या वर्गातल्या एका लाकडी कपाटात आहे. ते कारण मी पुढे सांगणारच आहे. पण आधी मंगळाविषयी जे ठाऊक आहे ते सांगतो, कारण त्याच्यावाचून माझी गोष्ट नुसते रडगाणे होईल.

मंगळाला आपल्यासारखेच दोन ध्रुव आहेत आणि दोन्हींवर पांढऱ्या टोप्या आहेत. दुर्बिणीतून त्या फार पूर्वीच दिसल्या होत्या. विल्यम हर्शेलने १७८४ मध्ये असे मांडले, की हे बर्फ असावे. उन्हाळ्यात ते आटते आणि हिवाळ्यात वाढते. मंगळाचा अक्ष सुमारे २५ अंशांनी कललेला आहे, पृथ्वीचा साडेतेवीस. म्हणून तेथेही ऋतू आहेत. मात्र वर्ष ६८७ दिवसांचे, त्यामुळे प्रत्येक ऋतू जवळजवळ दुप्पट लांबीचा. उत्तर ध्रुवावरची बर्फाची चादर सुमारे हजार किलोमीटर रुंद आणि दोन किलोमीटरांहून अधिक जाड आहे, आणि ते बर्फ पाण्याचे आहे. हिवाळ्यात उष्णता शून्याखाली सव्वाशे अंशांपर्यंत उतरते, तेव्हा तिथली हवाच, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, गोठून जमिनीवर बसते. माणसाने श्वास सोडावा आणि त्याचा दगड व्हावा, असला तो हिवाळा.

आपण ध्रुव या शब्दाचा अर्थ 'अढळ' असा शिकतो. मुलांना मी ध्रुवबाळाची गोष्ट सांगतो, तेव्हा बापाच्या मांडीवरून ढकललेल्या त्या पोराला शेवटी न हलणारी जागा मिळाली, या वाक्याशी येऊन थांबतो. मंगळावर हे वाक्य खरे ठरत नाही. आपल्या पृथ्वीचा तोल मोठा चंद्र सांभाळतो. मंगळाला तसा कुणी सांभाळणारा नाही. त्याचे दोन चंद्र अगदीच चिमुकले. म्हणून लाखो वर्षांच्या हिशेबात त्याचा अक्ष फार डोलतो, कधी ताठ होतो, कधी जवळजवळ आडवा पडतो, आणि त्याबरोबर बर्फही ध्रुव सोडून दुसरीकडे जाते व परत येते. या जाण्यायेण्याचे थर ध्रुवावर एकावर एक साचलेले आहेत, जुन्या वाड्यातल्या दप्तरासारखे. ते दप्तर वाचावे, ही माणसाची इच्छा मला समजते. वाचावे कसे, हा माझा प्रश्न आहे.

पहिला प्रयत्न १९९९ चा. अमेरिकेचे 'मार्स पोलर लँडर' हे यान त्या वर्षी ३ जानेवारीस निघाले आणि ३ डिसेंबरला मंगळाच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरण्याच्या बेतात असताना गप्प झाले. पुढे चौकशी झाली, तीत सर्वांत संभाव्य म्हणून जे कारण निघाले ते मी विसरू शकत नाही. उतरण्याआधी, जमीन अजून दीडएक किलोमीटर खाली असताना, यानाने आपले दुमडलेले पाय उघडले. पाय उघडताना जो हिसका बसला, तो यंत्राला जमीन लागल्यासारखा वाटला. त्याने ती नोंद मनाशी धरून ठेवली. मग सुमारे चाळीस मीटर उंचीवर, 'जमीन लागली काय?' असे पाहण्याची वेळ येताच त्याने जुनी नोंद प्रमाण मानली आणि इंजिने बंद करून टाकली. राहिलेले अंतर ते पडले.

पोहोचण्यापूर्वीच 'मी पोहोचलो' असे वाटणे, आणि ते कशाच्या बळावर, तर आपल्याच पायांच्या हिसक्याच्या! यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही; ते माणसांनी बनवले होते. आपण रोज हेच करतो. समोरच्याला आपण ओळखले असे आपल्याला वाटते, आणि जे जाणवलेले असते तो आपल्याच अंगाचा धक्का असतो.

दुसरे यान 'फिनिक्स'. राखेतून पुन्हा उठणाऱ्या पक्ष्याचे हे नाव त्याला देण्याचे कारण असे, की आधी रद्द झालेल्या एका मोहिमेचे पडून राहिलेले यानच त्यासाठी वापरले होते. ॲरिझोना विद्यापीठाच्या पीटर स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली ते ४ ऑगस्ट २००७ रोजी निघाले आणि २५ मे २००८ रोजी मंगळाच्या उत्तरेकडे, सुमारे ६८ अंश अक्षांशावर, सुखरूप उतरले. त्या वेळी मंगळ इतका दूर होता, की तेथून निघालेल्या संदेशाला पृथ्वीवर यायला पंधरा मिनिटे लागत. म्हणजे खालची मंडळी श्वास रोखून बसली होती, तेव्हा जे व्हायचे ते वर होऊन गेलेले होते.

यान उतरले ते मोठ्या सपाट माळावर. त्या माळाला जागोजाग भेगा पडून बहुकोनी वाफे तयार झालेले होते. गोठणे आणि आकसणे वर्षानुवर्षे चालले, की जमीन अशी भेगाळते, आपल्या उत्तर ध्रुवाकडेही ती अशीच दिसते. उतरताना इंजिनांच्या झोताने खालची माती उडाली आणि यानाच्या पोटाखाली काहीतरी पांढरे, गुळगुळीत उघडे पडले. मग यानाने आपला हात पुढे केला. तो सव्वादोन मीटरांहून थोडा लांब होता, टोकाला खोरे होते. चार-पाच सेंटिमीटर उकरताच पांढरा थर लागला, आणि चरात फाशांएवढे पांढरे खडे पडलेले दिसले. मीठ की बर्फ? यानाने छायाचित्र घेतले, आणि चार दिवसांनी, १९ जूनला, त्याच चराचे पुन्हा घेतले. खडे नाहीसे झाले होते. मीठ उडून जात नाही. गोठलेला कार्बन डायऑक्साइड असता, तर त्या उष्णतेत इतकाही टिकला नसता. तेव्हा ते पाण्याचे बर्फ. पुढे जुलैअखेर यानातल्या भट्टीत माती तापवून त्या पाण्याची खात्रीही झाली. पण मला जास्त भावते ती पहिली रीत. काही न करता चार दिवस पाहात राहायचे आणि जे नाहीसे होते त्याच्या नाहीसे होण्यावरून ते काय होते ते ओळखायचे.

ही बातमी वाचली तेव्हा शाळा नुकती सुरू झाली होती आणि मी तिशीच्या अलीकडचा, उत्साही मास्तर होतो. चौथीच्या मुलांना मी ती सांगितली. बर्फ पाणी न होता थेट हवेत कसे जाते, हे कुणाच्या ध्यानात येईना, म्हणून घरून देवघरातला कापूर आणला. दोन बश्या घेतल्या. एकीत कापराची कणी, दुसरीत खड्याच्या मिठाची. दोन्ही खिडकीत ठेवल्या. तालुक्याच्या बाजारातून साठ रुपयांना आणलेले एक भिंग माझ्यापाशी होते. त्यातून मुलांनी रोज दोन्ही कण्या पाहाव्यात असे ठरले. चौथ्या दिवशी कापराची बशी रिकामी होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पाचव्या दिवशी भिंग सापडेना.

वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव मी लिहीत नाही. एकदा नावानिशी त्याच्यावर आळ घेतला, तेवढा पुरे. गावाबाहेर ओढ्यापलीकडे तीन पाले पडली होती, त्यांतल्या एका पालावरून तो येई. पाटी नसे, पण डोळे असे होते की भिंग त्याच्या हाती आले म्हणजे दुसऱ्याला मिळत नसे. कापूर झिजून त्याच्या कडा गोल होतात आणि मिठाच्या कडा तशाच राहतात, हे सबंध वर्गात प्रथम त्याने सांगितले होते. भिंग सापडेना तेव्हा मी चाळीस मुलांना एकच प्रश्न विचारला. पण पाहात होतो त्याच्याकडे. मुलांना मास्तरची नजर वाचता येते. सगळ्यांनी माना वळवल्या.

मग मी त्याला उभे केले आणि विचारू लागलो. मी त्याला मारले नाही, हे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत असे. फक्त आवाज चढवला, पाटलांचे नाव घेतले, पोलिसांचे घेतले, पालावर येऊन झडती घेईन म्हटले. या शेवटच्या वाक्याला तो हलला. खाली पाहात म्हणाला, "घेतलं, गुरुजी."

"कुठं आहे?"

"हरवलं."

दुसऱ्या दिवशी त्याचा बाप आला. दाराबाहेरच उभा राहिला. "मास्तर, किती द्यायचे?" एवढेच त्याने विचारले. मी रक्कम सांगितली. त्याने धोतराच्या सोग्याची गाठ सोडून नाणी आणि चुरगळलेल्या नोटा मोजल्या, दोनदा मोजल्या, आणि उंबऱ्यावर ठेवल्या. "पोराला बसू द्या," म्हणाला. मी पैसे उचलले. मुलगा त्यानंतर शाळेत आला नाही.

अकरा दिवसांनी भूगोलाच्या तासाला मी भारताचा नकाशा उलगडला आणि त्याच्या गुंडाळीतून भिंग टेबलावर पडले. नकाशा मीच गुंडाळला होता. भिंग हाती धरून मुलांना हिमालयाच्या बारीक रेघा मीच दाखवल्या होत्या. शाळा सुटताच पैसे घेऊन ओढ्यापलीकडे गेलो. पाले उठली होती. तीन चुलींचे दगड होते आणि त्यांत पांढरी राख.

आता पुन्हा मंगळाकडे येतो, कारण माझ्या या गोष्टीचा उरलेला अर्थ मला तेथे सापडला.

त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, फिनिक्सने आणखी एक गोष्ट कळवली. मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार आहेत. हे क्षार थंड असताना शांत असतात. तापवले की त्यांतून प्राणवायू सुटतो आणि जवळ जे जळण्याजोगे असेल ते जळते. पृथ्वीवर अग्निबाणांच्या इंधनात ते याच गुणासाठी वापरतात. हा शोध यानातल्या भट्ट्यांनी लावला नाही. पृथ्वीवरून नेलेले थोडे पाणी पेल्यात घालून, त्यात चिमूटभर माती कालवून, हळूहळू ढवळून तो लागला.

यामुळे एक जुने प्रकरण पुन्हा उघडले. १९७६ मध्ये 'व्हायकिंग' नावाची दोन याने मंगळावर उतरली होती. जीवाला लागणारी जी कार्बनी द्रव्ये, त्यांचा अंश मातीत आहे का हे पाहण्यासाठी त्यांनी माती ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली. काही सापडले नाही. क्लोरीनयुक्त दोन द्रव्यांचा पुसट माग तेवढा दिसला, पण शास्त्रज्ञांनी तो पृथ्वीवरचा मळ ठरवला; यान स्वच्छ करताना वापरलेल्या द्रावणाचा अवशेष. मंगळाची माती कोरी आहे, असे त्यावरून बहुतेकांनी मानले. ते तीस वर्षांहून अधिक काळ चालले. मग २०१० मध्ये मेक्सिकोचे राफाएल नवारो-गोंझालेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिली देशातल्या आटाकामा वाळवंटातली माती घेतली, तिच्यात परक्लोरेट मिसळले आणि ती तापवली. मातीतली कार्बनी द्रव्ये जळाली आणि निघाली नेमकी तीच दोन द्रव्ये. म्हणजे असा संभव उभा राहिला, की व्हायकिंगने जे शोधले ते तेथे होते, आणि शोधण्याच्या आचेतच ते जळून गेले. याविषयी शास्त्रज्ञांत वाद आहे, आणि कार्बनी द्रव्य म्हणजे जीव नव्हे, हेही खरे. पण 'क्युरिऑसिटी' यानाला पुढे दुसऱ्या ठिकाणच्या तीन अब्ज वर्षांपूर्वीच्या गाळात अशी द्रव्ये सापडली, हे २०१८ मध्ये जाहीर झाले. माती कोरी नव्हती.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. भट्टी आणि प्रश्न यांत मला फरक दिसेना. मीही उत्तर काढण्यासाठी आच लावली होती, आणि जे निघाले ते आचेचे होते, मुलाचे नव्हते. "घेतलं, गुरुजी," हे शब्द मी त्याच्यापाशी शोधले आणि मला सापडले, असे मी समजत होतो. वास्तविक ते मीच बरोबर नेले होते. पालावरची मुले अशीच असतात, हे जे लहानपणापासून ऐकत आलो, ते माझ्या हातापायांना चिकटलेले होते, आणि तेच त्याच्या तोंडून मला परत मिळाले.

व्हायकिंगच्या शास्त्रज्ञांत आणि माझ्यात एक मोठा फरक आहे, तो मात्र मी लपवणार नाही. त्यांना अनपेक्षित काही दिसले तेव्हा त्यांनी प्रथम स्वतःवर संशय घेतला. बहुधा परक्याचे होते ते त्यांनी आपलेच मानले. मी आपले होते ते परक्याचे मानले. दोघेही कदाचित चुकलो. नम्र माणसाचे चुकत नाही, असे मला म्हणायचे नाही. स्वतःवर संशय घेणाऱ्यालाही सत्य हुकते. पण त्यांनी दिसलेला पुसट माग आकड्यांनिशी नोंदून ठेवला होता, म्हणून तीस वर्षांनी कुणाला तरी तो पुन्हा वाचता आला. अशी चूक दुरुस्त होऊ शकते. दुसऱ्यावर संशय घेणाऱ्याची चूक दुरुस्त करायला जावे, तर पाले उठलेली असतात.

येथे मला आजीचे सोवळे आठवते. आमच्या घरी धाबळी उंच वळणीवर वाळत असे, आणि ती काठीनेच काढायची. आम्हा मुलांचा हात लागला, की आजी पुन्हा आंघोळ करी. आजी मायाळू होती, याबद्दल शंका नाही. पण त्या सोवळ्याचा पाया असा होता, की मी शुद्ध आहे आणि जगाचा स्पर्श मला बाटवतो. मोठेपणी मी सोवळे सोडले आणि सुधारलो असे समजलो. चौथीच्या वर्गात त्या दिवशी जो उभा होता, त्याने फक्त धाबळी टाकली होती.

फिनिक्स यानाची तयारी चालली होती, तेव्हा त्याचा उकरणारा हात निर्जंतुक करून एका पिशवीत बंद केला होता. यान मंगळावर उतरल्यानंतरच ती पिशवी उघडली. पृथ्वीवरचा एखादा सूक्ष्म जंतू हाताबरोबर जाऊन तिथल्या बर्फात पडू नये, यासाठी हा खटाटोप. १९६७ च्या अंतराळविषयक करारात राष्ट्रांनी मान्यच केले आहे, की परक्या ग्रहगोलांना आपल्यामुळे घातक दूषितता होऊ नये. आपला देशही त्या करारात आहे. हेही एक सोवळेच म्हणायचे. पण याची दिशा उलटी आहे. याचा पाया असा, की मी अशुद्ध असू शकतो आणि माझा स्पर्श दुसऱ्याला बाटवील. माणसाने हजारो वर्षे सोवळे पाळले, ते बहुतेक ठिकाणी स्वतःला जपण्यासाठी. अनोळखी, न पाहिलेल्या, कदाचित नसलेल्याही कुणाला आपल्यापासून जपण्यासाठी सोवळे नेसावे, ही कल्पना मला फार नवी आणि फार थोर वाटते.

यावर आक्षेप घेता येतात आणि ते हलके नाहीत. एक माझ्या एका मित्राने घेतला. तो म्हणाला, "मंगळावर बहुधा कुणीही नाही. जे नाहीच त्याच्याशी कसले आले कर्तव्य? आणि इथे माणसे पालात राहतात, त्यांचे काय?" त्याच्या दुसऱ्या प्रश्नाने मला गप्प केले, हे कबूल करतो. पण पहिल्याचे उत्तर मी असे देईन. तेथे कुणी असेल, तर आपल्या जंतूंनी त्याचे घर बळकावणे हा अन्याय. तेथे कुणी नसेल, तर 'कुणी नाही' हे सत्य तरी आपण मळवता कामा नये. एकदा आपले जंतू तेथे गेले, की पुढे जे सापडेल ते त्यांचे की आपले, हे कधीच कळणार नाही. दोन्ही बाजूंनी कर्तव्य एकच निघते. आणि जे कर्तव्य समोर कुणी असो वा नसो पाळावे लागते, त्याची सवय समोर माणूस असताना उपयोगी पडते. मित्राच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही मला याच वाटेने शोधावे लागेल. पालातला माणूस आणि मंगळावरचा जंतू यांची तुलना मला करायची नाही. तपासायचा आहे तो माझा हात, आणि तो दोन्ही ठिकाणी एकच.

दुसरा आक्षेप माझाच. संपूर्ण शुद्ध होऊन जायचे, तर कुणी कधी निघणारच नाही. फिनिक्सचा सगळा सांगाडा हातासारखा निर्जंतुक नव्हता. तसे करणे फार अवघड आणि खर्चाचे. शिवाय उतरताना त्याच्या इंजिनांच्या झोताने खालची माती उडालीच, वाफाही मिसळल्याच. कुणाच्याही दारात गेलो की अंगणातली धूळ हलते. मग करायचे काय? त्या मंडळींनी केले ते मला व्यवहारी आणि नीतीचेही वाटते. सर्वांगाने निर्मळ होणे परवडत नाही. तर निदान जो हात प्रत्यक्ष बर्फाला लागणार, तो निर्मळ ठेवायचा. मी सगळे पूर्वग्रह धुऊन वर्गात जाईन, अशी प्रतिज्ञा मी केली तर ती खोटी ठरेल. चाळीस वर्षांचा मळ एका आंघोळीत निघत नाही. पण मुलाला प्रश्न विचारण्याच्या क्षणापुरती तरी जीभ धुतलेली असावी, एवढे मला जमण्यासारखे आहे.

फिनिक्सची हकीकत येथे संपवतो. ते तीन महिन्यांसाठी पाठवले होते, पाच महिन्यांहून अधिक चालले. शेवटी शेवटी त्याने आकाशात सुमारे चार किलोमीटर उंचीवरच्या ढगांतून हिम पडताना पाहिले. त्या वेळी दिसलेले ते हिम जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच विरून जात होते. मग ध्रुवावरचा हिवाळा आला, सूर्य खाली गेला, आणि २ नोव्हेंबर २००८ नंतर त्याचा आवाज आला नाही. २०१० मध्ये पुन्हा उजेड आला तेव्हा वरून फिरणाऱ्या दुसऱ्या यानाने त्याला कितीदा तरी साद घालून पाहिली. उत्तर आले नाही. वरून घेतलेल्या छायाचित्रात त्याची सावली लहान झालेली दिसली. गोठलेल्या हवेच्या वजनाने त्याचे पंख मोडले असावेत. त्याच्या पाठीवर काचेची एक तबकडी आहे, तीत मंगळावरच्या कथा आहेत आणि अडीच लाख माणसांची नावे. पुढे कधी माणूस तेथे गेला तर त्याच्यासाठी ती ठेवलेली आहे. एवढ्या नावांत ओढ्यापलीकडच्या पालातले एकही नसेल, असे माझ्या मनात येते.

आपल्या देशाचे मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघाले, ती भाऊबीज होती. मंगळाला आपण भूमिपुत्र म्हणतो, आणि पत्रिकेत तोच कडक निघाला तर मुलीचे लग्न मोडतो. ते यान त्याच्याभोवती कित्येक वर्षे फिरले आणि २०२२ मध्ये त्याच्याशी संपर्क तुटल्याचे जाहीर झाले. ते उतरले नाही, उतरण्यासाठी नव्हतेच. पण त्या सकाळी ओवाळण्याची ताटे घराघरांत तयार होत असताना मला वाटले, की नात्यातल्या माणसाकडे जाताना आपण हातपाय धुऊन जातो, ते काही तो आपल्याला बाटवील म्हणून नव्हे.

मंगळाच्या ध्रुवावर यानाला काय सापडेल? बर्फ सापडेल, क्षार सापडतील, लाखो वर्षांचे थर सापडतील. कदाचित एखादा जीव, कदाचित त्याची आठवण. पण या सगळ्यांच्या आधी त्याला सापडेल ते त्याने स्वतः बरोबर नेलेले. ते वेगळे काढता आले, तरच पुढचे सगळे खरे.

ते साठ रुपये भिंगाच्या डबीत ठेवून मी कपाटात ठेवले आहेत.  तो मुलगा आज सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असेल. कुठे आहे, मला ठाऊक नाही. मी अजून त्याच कपाटासमोर उभा राहून शिकवतो. वर्गात काही हरवते, मुले एकमेकांकडे पाहू लागतात, काही माझ्या नजरेकडे पाहू लागतात. तेव्हा मी खिडकीबाहेर पाहतो आणि कुणालाही काही विचारण्याआधी उठून नकाशा उघडतो.